टेबलाच्या अलीकडे

सासवडच्या आमच्या घरात एक घडीचं टेबल होतं. सागवानी, एक पाय जरा आखूड, म्हणून त्याच्याखाली कायम पुठ्ठ्याची घडी. वर्षभर अण्णा त्यावर शाळेच्या वह्या तपासत. ज्येष्ठात माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला आली, की ते टेबल उचलून रस्त्याच्या कडेला मांडलं जाई. पाण्याचं पिंप, परातभर गूळ-शेंगदाणे, आणि ठणकणाऱ्या पायांसाठी तेलाची बाटली. पाणी आईकडे, गूळ माझ्याकडे, तेल अण्णांकडे.

पुण्याहून सासवड हा वारीतला लांबचा टप्पा, त्यात घाट. टेबलाशी थांबणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असे, "माउली, तळ किती राहिला?" आजूबाजूचे लोक सवयीनं म्हणत, "आलाच की!" अण्णांना ते खपत नसे. सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून त्यांनी आमच्या दारापासून तळापर्यंतचं अंतर काढून ठेवलं होतं. "दीड किलोमीटर, शेवटी थोडा चढ," असं ते सांगत. मी एकदा विचारलं, आलाच म्हटलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "दमलेला माणूस हिशोबानं चालत असतो. खोटं अंतर सांगितलं की त्याचा हिशोब मोडतो. उरलेला रस्ता मग त्याला दुप्पट होतो."

हे वाक्य तेव्हा मला मास्तरकीचं वाटलं होतं. त्याचा अर्थ कळायला सायकलवर बसावं लागलं.

पुण्यात बँकेच्या नोकरीत केस पांढरे व्हायला लागले, तेव्हा सायकल पुन्हा हातात आली. शहरात बीआरएमचं वारं शिरलं होतं. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या या राईड. वेळ अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तास. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनी त्या जगभर चालतात. ही शर्यत नव्हे. पहिला नंबर नाही, निकालाची यादी अक्षरक्रमानं लागते. निघताना दिवे, हेल्मेट, चमकणारं जाकीट तपासतात आणि हातात पुठ्ठ्याचं ब्रेव्हे कार्ड देतात. वाटेत ठरावीक ठिकाणी कंट्रोल. तिथे वेळ लिहून शिक्का घ्यायचा. मधल्या रस्त्यावर आपली गाडी मागे ठेवायची नाही, घरच्यांनी डबा आणून द्यायचा नाही. पंक्चर झालं तर लिव्हर, ट्यूब आणि पंप आपल्याच पिशवीत. मदत घ्यायचीच तर कंट्रोलवर.

माझ्या पहिल्या ३०० च्या राईडमध्ये रात्रीचा कंट्रोल कऱ्हाडच्या बाजूला एका ढाब्याच्या आवारात होता. हँडल धरून धरून करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालेलं, जाकिटाची चेनसुद्धा उघडेना. टेबलामागच्या गृहस्थांनी कार्ड घेतलं, शिक्का मारला, न विचारता बाटली भरली आणि केळं देताना त्याचं देठ मोडून दिलं. "पुढे किती?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बावीस. पहिले सहा चढाचे, मग सोपं. वारा समोरून आहे, ताई." कौतुक नाही, धीर नाही, की "तुम्ही करालच" नाही. एवढ्या आकड्यांवर माझे पुढचे दोन तास नीट गेले. त्या राईडनंतर मी सायकल चालवत राहिले, पण मला जास्त ओढ लागली ती टेबलाच्या अलीकडच्या बाजूची.

त्या बाजूला उभं राहिल्यावर पहिली गोष्ट ही कळते, की गोड बोलण्याचा तिथे फारसा उपयोग नाही. "कसं वाटतंय?" विचारलं तर प्रत्येक जण "मस्त" म्हणतो. "शेवटचं काय खाल्लंस आणि कधी?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं, आणि उत्तराला वेळ लागला तर तेही उत्तरच असतं. आठ-दहा तासांनंतर गोडाची शिसारी येते. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, ताक, दहीभात यांवर हात पडतो. नुसतं पाणी पीत सुटलेल्याला थांबवावं लागतं, कारण घामातून मीठ जातं आणि वरून पाणीच ओतलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. घाट उतरून आलेला कुडकुडत असेल तर आधी कोरडं जाकीट, मग चहा. खुर्च्या मोजक्याच ठेवायच्या, कारण बसलेला माणूस लवकर उठत नाही.

सगळ्यात जोखमीचं काम झोपेचं. पहाटे दोन-तीनच्या सुमाराला माणसं सतरंजीवर अक्षरशः कोसळतात. मी कागदावर यादी करते: नाव, कुठल्या कोपऱ्यात झोपला, किती वाजता उठवायचं. ठरलेल्या मिनिटाला उठवायचं म्हणजे उठवायचंच. गाढ झोपलेला चेहरा बघून वाटतं, असू दे अजून दहा मिनिटं. ती दहा मिनिटं आपली नसतात. ती त्याच्या पुढच्या कंट्रोलच्या वेळेतून कापली जातात.

ट्रायथलॉनचं टेबल वेगळं. गोव्यात २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. पुढच्या एका वर्षी मी तिथे धावण्याच्या रस्त्यावरच्या टेबलाशी होते. बर्फ, ओले स्पंज, कोला, संत्र्याच्या फोडी. इथे कुणी थांबत नाही. पेला तळाशी न धरता वरून चिमटीत धरायचा, हात लांब ठेवायचा, आणि धावणाऱ्यानं तो उचलला की आपला हात सैल सोडायचा. काय आहे ते ओरडून सांगायचं: "पाणी! पाणी! पुढे बर्फ!" बीआरएममध्ये माणसाशी दहा मिनिटं संबंध येतो, इथे दोन सेकंद. तेवढ्यात चेहरा वाचायचा. दमट उन्हात ज्याचा घाम आटलाय, जो वाकडा धावतोय, त्याचा नंबर लगेच वैद्यकीय पथकाला कळवायचा.

त्या खेळातला एक नियम मला फार आवडतो. पोहताना दम लागला तर स्पर्धक जवळच्या स्वयंसेवकाच्या कयाकला धरून थांबू शकतो. हवा तितका वेळ श्वास घ्यावा, खोकावं, चष्मा नीट करावा. कयाकनं मात्र त्याला हातभरही पुढे न्यायचं नाही. दुसरा नियमही असाच. स्पर्धक एकमेकांना ट्यूब, पंप, पाणी देऊ शकतात, पण स्वतःची शर्यत थांबेल अशी वस्तू, म्हणजे चाक किंवा अख्खी सायकल, देता येत नाही.

मदतीचा हा काटेकोरपणा या खेळाला जन्मजात नव्हता. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा पंधरा जण निघाले आणि बारा पोचले. आयोजकांची टेबलं नव्हती, ज्यानं त्यानं आपापले मदतनीस आणलेले. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. ही गोष्ट मी नव्या स्वयंसेवकांना हमखास सांगते. हसून झालं की ते पिंपातलं पाणी मोजायला लागतात.

२०१६ च्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या ट्रायथलॉनमध्ये जे झालं, त्यावर मात्र आमच्यात अजून वाद होतात. पुढे असलेल्या जॉनी ब्राउनलीचे पाय उकाड्यानं शेवटच्या टप्प्यात लटपटायला लागले. मागून त्याचा सख्खा भाऊ अ‍ॅलिस्टर आला, त्यानं जॉनीचा हात आपल्या खांद्यावर घेतला, ओढत नेलं आणि रेषेपलीकडे आधी त्याला ढकललं. दरम्यान दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन पुढे निघून जिंकला. जॉनी दुसरा, अ‍ॅलिस्टर तिसरा. ते चित्रण पाहून डोळे भरून येतात, माझेही आले. पण आज ट्रायथलॉनचे नियम एका स्पर्धकानं दुसऱ्याला अंगानं पुढे नेणं मान्य करत नाहीत. पुष्कळांना यात कोरडेपणा दिसतो. मला दिसत नाही, आणि त्याचं कारण खेळाबाहेरचं आहे.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तेच सागवानी टेबल त्यांच्या पलंगाशी आलं. औषधं, चष्मा, पाण्याचा पेला. मी पेला त्यांच्या ओठांशी नेत असे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं मला अडवलं. म्हणाली, "काकू, पेला टेबलावर ठेवा. त्यांचा हात जिथे जेमतेम पोचेल तिथे. चार दिवसांनी बोटभर लांब." अण्णा चिडत, पाणी सांडे, चादर भिजे. मी खुर्चीत बसून बघत राही, आणि नुसतं बसणं हे पेला धरण्यापेक्षा किती अवघड आहे ते मला तिथे कळलं. त्यांचा हात पुरता सुधारला नाही. पण पाणी ते शेवटपर्यंत आपल्या हातानं प्यायले. टेबलाचं काम पोचेल अशा जागी असण्याचं. हात ज्याचा त्यानंच उचलायचा.

मला वाटायचं, टेबलाचा हा नियम लहान अंतरांना ठीक आहे. जिथे मदतीवाचून पानच हलत नाही, तिथे काय? अमेरिकेतल्या रेस अ‍ॅक्रॉस अमेरिकेला मराठी सायकलवाले घरच्यासारखं 'रॅम' म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर, एकट्यानं करायची तर बारा दिवसांत. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं पूर्ण केली. तिथे मागे क्रू असतो, आणि रात्री क्रूची गाडी दिव्यांच्या उजेडात सायकलस्वाराला धरून चालते.

त्या वाटेवरची आपल्याकडची पायरी म्हणजे पुणे ते गोवा, ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर. तिच्यात मी एका मित्राच्या क्रूमध्ये बसले, मागच्या सीटवर वही घेऊन. तासाला किती पाणी, किती खाणं, लघवी कधी, शेवटचं हसला कधी. काय खायचं, केव्हा थांबायचं, डोळा किती मिनिटं मिटायचा हे सगळं आम्ही ठरवत होतो. त्याच्याकडे विचार करण्याचं काम ठेवलंच नव्हतं. गाडी म्हणजे चाकं लावलेलं टेबलच. आणि तरीही चढावर त्याचा वेग चालण्याइतका झाला, तेव्हा गाडीतल्या पाच जणांना मागे बसून बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

कंट्रोल बंद होतो तो क्षण मला अजून सोपा झालेला नाही. वेळ उलटून गेल्यावर लांबून एक दिवा येताना दिसतो. येणाऱ्याला माहीत असतं, तरी तो विचारतो, "मॅडम, झालं का बंद?" "हो, अकरा मिनिटांपूर्वी," एवढंच मी सांगते. "पुढच्या वेळी नक्की" वगैरे म्हणत नाही. पुढची वेळ त्याची त्यानं ठरवायची. त्यानंतर मात्र सगळे नियम सुटतात. आता तो राईडमधला कुणी नाही, नुसता दमलेला माणूस आहे. त्याची सायकल मी धरते, बूट काढते, पांघरूण देते, घरी फोन लावून देते, गाडीत बसवून परत आणते. इतका वेळ मोजून दिलेली मदत तिथे न मोजता द्यायची असते. दोन्ही एकाच टेबलावरून द्यावी लागते आणि कोणती केव्हा हे चुकवायचं नसतं.

बीआरएमचं मूळ जिथे आहे, त्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला आपल्याकडचे पुष्कळ जण जातात. १८९१ साली सुरू झालेली ही राईड आता दर चार वर्षांनी होते. १,२०० किलोमीटर, नव्वद तास. तिकडून आलेले लोक घाटमाथ्यांपेक्षा जास्त बोलतात ते खेड्यांतल्या टेबलांबद्दल. रात्री-अपरात्री घरापुढे कॉफी आणि धिरड्यासारखे क्रेप घेऊन माणसं बसलेली असतात, पैसे घेत नाहीत. कुणी म्हणतं, घरी पोचलात की एक पोस्टकार्ड पाठवा. ऐकताना मला यात परकं काही वाटलं नाही. फक्त तिथे तळ किती राहिला हे फ्रेंचमध्ये विचारावं लागत असणार, आणि तिथेही कुणीतरी "आलाच की" म्हणत असणार.

पावसाळा संपला की आमच्या रात्रीच्या राईड सुरू होतात. कंट्रोलवर माणसं नेहमीच कमी पडतात. सायकल चालवता आलीच पाहिजे असं नाही. यायचं असेल तर स्वेटर, डोक्याला लावायची बॅटरी आणि चालणारं घड्याळ आणा. पुढच्या कंट्रोलपर्यंतचं अंतर आणि मधले चढ पाठ करून या. आणि घरून आपला डबा आणा. टेबलावरची केळी सायकलवाल्यांची असतात.