पॉइंट थ्री

जुलैतल्या एका संध्याकाळी घराच्या पायाला पाणी घालत होतो. टेक्सासमधल्या या प्लेनोची माती आपल्या कपाशीच्या काळ्या रानासारखीच. उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खचू नये यासाठी भिंतीच्या कडेने पाइप सोडावा लागतो. तेवढ्यात पुण्याहून फोन आला, मिस्त्री गेले.

तिथल्या एका फोर्जमध्ये ते प्रेसवर होते आणि मी कॉम्प्युटरवाला साहेब. शिफ्ट सुरू होताना ते डायवर बोटांनी पाणी शिंपडायचे. थेंब चर्रकन आटला तर ठीक. नाचत पळाला तर म्हणायचे, "साहेब, तवा लई तापलाय, ग्रॅफाइटचं वंगण बसायचं नाही." मी हसायचो. माझ्या मॉडेलमध्ये घर्षणाचा आकडा एकच होता, पॉइंट थ्री. सगळ्या डायला, सगळ्या शिफ्टला तोच.

एका स्टीअरिंग नकलच्या कामात प्रेसवर मोजलेलं टनेज माझ्या आलेखाच्या वर निघालं. रात्री बसून पॉइंट थ्रीचं पॉइंट थ्री एट केलं. सकाळी पडद्यावर दोन्ही रेषा एकावर एक! टाळ्या पडल्या. मोजमाप आधी पाहून मग भाकीत केलंय, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं तर बिलेट भट्टीपासून प्रेसपर्यंत येताना माझ्या हिशेबापेक्षा तीसेक अंश जास्त निवला असता, तरी रेषा तितकीच वर गेली असती. अज्ञात दोन, समीकरण एक. पुढे त्या नकलचा एक कोपरा भरेना, तेव्हा मी भट्टीवाल्यावर ढकललं. टाळ्या मात्र अजून आठवतात.

इथे प्लेनोत त्या टाळ्यांवरच नोकरी मिळाली म्हणा ना. २००७ साली सीमेन्सने यूजीएस ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली ती याच गावात. तिचं एनएक्स इथून जगभर जातं, पण स्केलचा वास कुणाच्या कपड्यांना येत नाही. आता नवी मंडळी हजारो सिम्युलेशन न्यूरल नेटवर्कला भरवतात आणि सेकंदात उत्तर काढतात. त्यांतल्या बहुतेकांत घर्षण एकच, बसवलेलं. म्हणजे माझीच चूक, फक्त झटपट. मशीनिंगवाल्यांचं तर विचारूच नका. धातूच्या जॉन्सन-कुक मॉडेलचे पाच आकडे कुठल्या तरी पेपरातून उचलायचे आणि चिपचा आकार जुळला की आपला पेपर छापायचा. (हे बोलायचा हक्क मला नाही, कळतं.)

माझ्या हाताखाली पुण्याहून शिकून आलेली एक मुलगी आहे. तिने विचारलं, "काका, हा पॉइंट थ्री आला कुठून?" मी रुबाबात पुस्तक सांगितलं : कोबायाशी, ओ आणि अल्तान, १९८९. त्यात नेमका हाच आकडा आहे का, हे मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"तसं नाही, आपला कुठून आला?"

उत्तर कड्यात असतं. कडं चेपायचं आणि भोक मोजायचं. घर्षण कमी असेल तर भोक फुलतं, जास्त असेल तर मिटत जातं, आणि धातू किती कडक आहे याच्याशी त्याला जवळजवळ देणंघेणं नसतं. मेल आणि कॉकरॉफ्ट यांनी साठच्या दशकात रूढ केलेली ही चाचणी मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सुचवली, स्वतः एकदाही केली नाही. प्रेस कोण मोकळा देतो, असं म्हणायचो. खरं कारण असं, की भोक आलेखाइतकं देखणं दिसत नाही.

फोर्ट वर्थच्या बाजूला एका छोट्या फोर्जमध्ये शनिवारी प्रेस मिळाला. कडी बाहेरून ६० मिलिमीटर, भोक ३०, उंची २०, निम्म्यावर आणायची. हात थरथरतो, म्हणून व्हर्नियर तिच्याकडे दिला. पहिलं भोक २७. दुसरं २६.५. लालबुंद कडी टेकून टेकून डाय तापत गेला. तिसरं २४, आणि तेही जरा लंबगोल.

चौथ्याच्या आधी मी हातमोजा काढला, बाटलीतलं पाणी बोटांनी डायवर शिंपडलं. थेंब नाचत पळाला.

तिने वही पुढे केली. "काका, कुठला आकडा टाकू?"

"थांब जरा," म्हटलं. "तवा निवू दे."