आखूड सावली

कळंब्यात ऊन कुणाला मागावं लागत नव्हतं. ते रानात होतं, तलावाच्या बांधावर होतं, अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांवर होतं. त्याच्यापासून लपायलाच जागा शोधावी लागायची. दुपारी बाराला आई बांधावरच्या आंब्याखाली भाकरी सोडायला यायची, तेव्हा तिची सावली तिच्या पायांतच घोटाळत असायची. "ऊन न्हवं, आग हाय ही," म्हणायची. पण त्याच आगीत तिनं चाळीस वर्षं भांगलण केली, उसाला पाणी पाजलं, भुईमुगाच्या शेंगा उपटल्या. नऊवारी पोटरीच्या वर खोचलेली, हात कोपरापासून उघडे, मान आणि पाठीचा वरचा भाग उघडा. तेवढं अंग रापून काळंभोर झालेलं. त्या रंगाचं तिला कधीच कौतुक नव्हतं. आक्काला स्थळं बघायच्या दिवसांत तर तिनं आक्काला रानात येऊच दिलं नाही. "काळी पडशील. कोण पसंत करंल मग?"

ऊन म्हणजे कष्ट आणि सावली म्हणजे सुख, हा आमच्या घरातला हिशेब. खेड्यात वाढलेल्या बहुतेकांचा तोच असतो. म्हातारपणी सावलीत बसायला मिळावं म्हणून तर माणूस उन्हात राबतो.

आईला ते सुख मिळालं. कोल्हापूर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं. रस्त्याच्या कडेला आधी दुकानं झाली, मग प्लॉट पडले, मग अपार्टमेंट उभी राहिली. जिथं ऊस उभा असायचा तिथं पार्किंग आलं. आमच्या वाटणीचं रान भावकीच्या रानाबरोबर गेलं आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सरकत्या काचांच्या खिडक्या, समोर दहा फुटांवर दुसरी इमारत. आई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. सगळे म्हणाले, "आता सुखानं बसा." ती बसली. देवासमोर बसली, टीव्हीसमोर बसली, भाजी निवडत बसली. गुडघ्यांमुळं जिना नको म्हणायची. खाली उतरणं आठवड्यातनं एकदा, तेही दिवस कलल्यावर. दोन वर्षांत तिचे रापलेले हात उजळले. शेजारच्या बायका म्हणायच्या, "जागा मानवली बघा तुम्हास्नी."

तिसऱ्या वर्षी मांड्या दुखायला लागल्या. जमिनीवर बसली की उठताना आधी भिंत धरायची, मग खुर्ची, मग माझा खांदा. चालताना दोन्ही बाजूंना डुलायची. बरगड्या, कंबर, मांडीची हाडं. नुसतं दाबलं तरी कळ. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांध उतरणारी बाई पाण्याची कळशी सरकवताना विव्हळायची. एकानं वात सांगितला, एकानं मणक्यात गॅप, एकानं वय. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला. पाहुण्यांनी पायासूप सुचवलं. आमच्या कोल्हापुरात हाड म्हटलं की पायासूप नाहीतर पांढरा रस्सा, हे ठरलेलंच. चवीला झकास, पण हाडं कितीही उकळली तरी त्यातलं कॅल्शियम रश्श्यात फारच थोडं उतरतं. यात दीड वर्ष गेलं. रात्री कूस बदलायलासुद्धा ती मला हाक मारायची. एकदा अंधारातच म्हणाली, "रानात आसते तर आजून चार वर्सं चालले आसते."

मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दुखण्याच्या आधी दिवसाचा हिशेब विचारला. "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता? उन्हात कधी जाता? दूध घेता का?"

"ऊन आता कुठलं बाई! आन् दूध पोरांस्नी. मी आपली च्या घेते."

रक्त तपासलं, एक्स-रे काढला. ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ६ नॅनोग्रॅम आलं. २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. कॅल्शियम डेसिलिटरला ७.९ मिलिग्रॅम, ते साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान हवं. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी एक बारीक आडवी रेघ दिसत होती. हाड मऊ पडलं की अशी चीर पडते. लहान मुलांना होतो तो मुडदूस. तेच मोठ्या माणसाला झालं की त्याला अस्थिमृदुता म्हणतात. बाई म्हणाल्या, "हे असंच चालू राहिलं असतं तर खुबा मोडला असता. या वयात खुबा मोडला की माणूस अंथरुण सोडेलच, असं सांगता येत नाही."

मी हे सगळं आमच्या पद्धतीनं समजून घेतलं. माणसाच्या अंगात किलोभर कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेलं चिमूटभर रक्तात आणि इतरत्र. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचं आखडणं-सैल होणं त्या चिमटीवर चालतं. म्हणून शरीर रक्तातलं कॅल्शियम सहजी घटू देत नाही. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी त्याच्यावर पहारा देत असतात. रक्तात कमी पडलं की त्या हाडातनं काढायला लावतात. म्हणजे पोटातनं येणं थांबलं, की घर चालवायला ठेव मोडायची. आईच्या अंगात काही वर्षं हेच चाललं होतं.

आणि पोटातनं येणं का थांबतं? खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातनं रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते पुरेसं असलं तर खाल्ल्यातलं तीस-चाळीस टक्के अंगी लागतं. नसलं तर दहा-पंधरा टक्के, बाकीचं तसंच बाहेर. रानात खत मुबलक टाकलं आणि पाणीच दिलं नाही तर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको. हे जीवनसत्त्व जेवणातनं फार थोडं मिळतं. ते आपली कातडीच तयार करते. उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की तिच्यातल्या एका स्निग्ध पदार्थापासून ते बनतं, पुढं यकृतात आणि मूत्रपिंडात त्याला कामाचं रूप येतं. हे किरण खिडकीच्या काचेतनं जवळजवळ येतच नाहीत. काचेतनं उजेड येतो, ऊबही येते, पण हाडाच्या कामाचं जे आहे ते बाहेरच राहतं.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. हचिसन आणि शाह या दोघा वैद्यकांनी शंभर वर्षांपूर्वी नाशिक भागात मुडदूस तपासला आणि १९२२ साली त्यावर लेख लिहिला. मुडदूस हा गरिबीचा, निकस अन्नाचा रोग अशी समजूत. त्यांना दिसलं ते वेगळंच. शेतात राबणाऱ्या, अपुरं खाणाऱ्या बायकांच्या घरात तो फारसा नव्हता. चांगलं खाणाऱ्या, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायकांत आणि मुलांत होता. त्याच सुमारास, १९१९ साली, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरनं मुडदुशी मुलांना अतिनील दिव्यासमोर धरलं. प्रकाश एकाच हातावर दिला तरी दुसऱ्या हाताचं हाडही भरून आलं. म्हणजे कातडीत बनलेलं काहीतरी रक्तातनं सगळ्या अंगाला पोचत होतं. आमच्याकडं पडदा नव्हता. पण दुसऱ्या मजल्यानं आणि सरकत्या काचेनं तेच काम केलं.

आईला आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी, अशा आठ आठवडे दिल्या. सोबत रोज कॅल्शियमच्या गोळ्या. नुसती पुडी दिली आणि कॅल्शियम दिलं नाही तर मऊ पडलेलं हाड भरायचं कशानं? बाईंनी हे दोनदा बजावलं. दुसऱ्या महिन्यात रात्रीच्या हाका थांबल्या. सहाव्या महिन्यात ती भिंत न धरता उठली.

हे ऐकून माझी चुलती म्हणाली, "मग मला काय हुतंय? मी तर उन्हातच मरतोय." तिच्याकडं अजून तीस गुंठे आहेत आणि दोन म्हशी. तिचं ड जीवनसत्त्व खरंच बरं निघालं. पण हाडांच्या घनतेची तपासणी केली तर हाडं विरळ. तिचं जेवण म्हणजे भाकरी, आमटी, ठेचा आणि दिवसातनं चार वेळा चहा. म्हशींचं दूध दोन्ही वेळा डेअरीला. बिलातनं पेंड वजा होते, उरलेल्यात घर चालतं. कपभर दूध स्वतःला ठेवणं म्हणजे तिला चोरी वाटते. तिरुपतीच्या वेंकटेश्वर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी तिकडच्या खेड्यांत तपासलं, तेव्हा रानात राबणाऱ्यांचं ड जीवनसत्त्व शहरातल्यांपेक्षा बरं होतं, पण जेवणातलं कॅल्शियम फारच कमी. शिवाय धान्यातला एक घटक त्यातलंही थोडं बांधून ठेवतो. एका घरातल्या दोन जावा. एकीला पाणी नव्हतं, दुसरीला खत.

मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आपल्या देशाच्या आहारशास्त्र्यांनी २०२० साली ठरवलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. राधानगरी, गगनबावड्याकडची नाचणी एकेकाळी आमच्या घरात पोत्यानं यायची. पुढं गहू आला आणि ती आजाऱ्याचं खाणं ठरली. आजी नाचणीचं पीठ रात्री आंबवून सकाळी आंबील करायची. आंबवल्यानं तो बांधून ठेवणारा घटक कमी होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता चुलतीच्या घरात पुन्हा आंबील शिजते, तिळाची चटणी होते, आणि एक वाटी दही तिच्या वाटणीचं असतं. ते ती अजून भिंतीकडं तोंड करूनच खाते.

आईचं बरं झालेलं बघून आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी मेडिकलमधनं तीच पुडी आणली. कुणाला न विचारता आठवड्याला एक, वर्षभर. वर कुठंतरी मोठं इंजेक्शनही घेतलं. मग सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, बोलताना गोंधळ. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम तेराच्या वर गेलं होतं आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. आठ दिवस सलाईन. उन्हानं असं होत नाही. पुरेसं बनलं की जादाचं कातडीतच मोडून जातं. पुडीला ती अक्कल नाही. ती किती घ्यायची ते रक्त बघूनच ठरवावं लागतं.

राहिलं ऊन. कोवळ्या उन्हावर आपली फार श्रद्धा. बाळाला सकाळी कोवळं ऊन दाखवायचं, म्हाताऱ्यानं सकाळी सहाला फिरायला जायचं. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण गाभाऱ्यात जाऊन देवीच्या चरणांपासून वर सरकतात, तेव्हा हात आपोआप जोडले जातात. पण सूर्य खाली असला की किरण हवेच्या जाड थरातनं तिरपे येतात आणि हाडाच्या उपयोगाचे किरण वाटेतच गळतात. उरते ती ऊब. ड जीवनसत्त्व मिळतं ते साधारण अकरा ते दोन-अडीचच्या दरम्यान, आपण ज्याला आग म्हणतो त्याच उन्हातनं. घड्याळ नसलं तरी खूण सोपी: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असली पाहिजे. आमच्यासारख्या सावळ्या कातडीला हातपाय उघडे ठेवून वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातनं चार-पाच दिवस. भाजेपर्यंत नाही. मे महिन्यात त्याहून कमी चालेल. पावसाळ्यात आमच्याकडं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा साठवणीवर भागवायचं. तान्ह्या बाळाला उन्हात धरून भागत नाही. आईच्या दुधात ड फार कमी उतरतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ रोज ४०० युनिटचे थेंब देतात. सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. त्यांच्या बाळांना हे थेंब नव्हते.

एवढं कळल्यावर आई गच्चीवर जायला निघाली, तर गच्चीला कुलूप. पोरं पतंग उडवतात, टाकीचं झाकण उघडं राहतं, म्हणून सोसायटीचा ठराव झालेला. किल्ली सेक्रेटरींकडं. ते म्हणाले, "मावशी, सकाळी सातला उघडतो की. कोवळं ऊन घ्या."

आई म्हणाली, "सातचं नगं बाबा. आकराचं पायजे."

"तेव्हा मी कामावर असतो."

"मग किल्ली ठेवून जा."

हा वाद तीन आठवडे चालला. मीटिंगमध्ये विषय आला. कुणी म्हणालं, एकीला दिली की सगळे मागतील. आई मागं बसली होती. उठली, खुर्ची न धरता उठली, आणि म्हणाली, "मागू देत की. ऊन काय सोसायटीच्या मालकीचं हाय?"

आता अकराच्या सुमाराला गच्चीवर पाच-सहा बायका असतात. कुणी गहू निवडतं, कुणी तूरडाळ वाळत घालतं, त्या काकूही असतात. बाह्या वर, साडी पोटरीपर्यंत. नवीन कुणी आली की आई तिला आधी उभी करते आणि सावली बघते. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते.