चुका सोसणारी गाडी

मोटारसायकलीवर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हालाही तो पडला आहे. आम्ही दोघे साताऱ्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरात एक स्कूटर आहे आणि लग्नाच्या वर्षी, म्हणजे २००४ साली घेतलेली एक स्प्लेंडर आहे. या दोन्ही वाहनांकडून आम्ही कधी वेगाची अपेक्षा केली नाही आणि त्यांनीही ती आमच्याकडून केली नाही. परंतु गेल्या गणेशोत्सवापासून घरात दुसरा विषय नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा झाला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात गेला आणि त्याने कावासाकी निन्जा ३०० घेण्याचा मनसुबा जाहीर केला. आजोबांनी त्याच्या नावे ठेवलेल्या ठेवीची मुदत संपली होती, गाडी सेकंडहँड मिळत होती, आमची फक्त संमती हवी होती. त्याने पैसे मागितले असते तर नाही म्हणणे सोपे गेले असते.

पहिली चकमक आमच्याच शस्त्रांनी झाली. कोणत्याही विषयाचा अभ्यास पायरीपायरीने करावा, आम्हीही वर्गात आधी केशवसुत शिकवतो आणि मग मर्ढेकर, असे आमच्यापैकी एकाने म्हटले. त्यावर चिरंजीव म्हणाले, "पण बाबा, तुम्ही स्वतः मर्ढेकर आधी वाचलेत. आईनेच सांगितलं होतं." हे खरे होते. अकरावीत असताना, एका अक्षराचाही अर्थ न लागता वाचले होते. त्यावर आईने एवढेच सांगितले की न समजलेल्या कवितेखाली कोणी सापडत नाही. वाद तेथे थांबला, मिटला नाही.

नंतरचे काही आठवडे आम्ही, एरवी शब्दकोश चाळावेत तसे, मोटारसायकलींचे तपशील चाळले. आमच्या स्प्लेंडरचे इंजिन ९७ सीसीचे, शक्ती साधारण साडेसात ते आठ अश्वशक्ती, वजन सुमारे ११० किलो. निन्जा ३०० चे इंजिन २९६ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, शक्ती ३९ अश्वशक्ती, वजन १७९ किलो. म्हणजे वजन दीडपटीहून थोडे अधिक, पण शक्ती मात्र पाचपट. हा पाचाचा आकडा वाचून आमचे मत बनले होते. पुढे कळले ते गोंधळात टाकणारे होते. हीच गाडी अमेरिकेत नवशिक्याची गाडी म्हणून ओळखली जाते. तिथला अनुभवी चालक ती शिकण्यापुरती वापरून विकून टाकतो. आमच्या गल्लीत मात्र ती उभी राहिली तर मुले तिच्याभोवती गोळा होतात. एकच संहिता दोन वाचकसमूहांत दोन अर्थ धारण करते, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. त्याचे असे उदाहरण घरी चालून येईल, असे वाटले नव्हते.

'मध्यम' हा शब्दही असाच निसरडा आहे. जपानमध्ये ४०० सीसीपर्यंतचा परवाना वेगळा आणि त्यावरचा वेगळा, त्यामुळे तिथे ४०० सीसीच्या गाड्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. युरोपीय संघात २०१३ पासून पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी, मग ३५ किलोवॉट म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतची गाडी, आणि ती दोन वर्षे चालवल्यानंतर पुढचा टप्पा. निन्जा ३०० तेथे मधल्या पायरीत बसते. आपल्याकडे परवान्याला दोनच भेद ठाऊक आहेत, गियर असलेली आणि नसलेली. आमच्या मुलाने घरच्या स्प्लेंडरवर आठाचा आकडा काढून परवाना मिळवला, आणि त्या परवान्यावर तो उद्या १३४० सीसीची हायाबुसा चालवू लागला तरी कायदा त्याला अडवणार नाही. शासनाला मधली रेषा दिसतच नाही असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के आहे. रेषा आहे, ती करासाठी आहे. शिकणाऱ्यासाठी रेषा आखण्याचे काम आईबापांकडे आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आम्ही मुलासमोर बरेच दिवस उच्चारली नव्हती. २०२३ च्या जानेवारीत आमच्या द्वितीय वर्ष कलाचा एक विद्यार्थी रात्री गावाकडे परतताना गेला. साखर कारखान्यांचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. त्याची गाडी १०० सीसीची होती. वेगही फार नसावा. हेल्मेट घरी होते. वर्गात तो खिडकीशेजारी बसत असे आणि निबंध नेहमी दोन पाने अधिक लिहीत असे. त्या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेचे त्याचे गुण यादीत भरलेले होते, ते तसेच राहिले.

मुलाने मोठी गाडी मागितली तेव्हा आम्हाला हा विद्यार्थी आठवला, आणि मग लक्षात आले की त्याची आठवण आमच्या बाजूने साक्ष देत नाही. लहान गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे आम्ही गृहीत धरले होते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसल्याने गेलेल्यांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे. आपल्या रस्त्यांवर धावतात त्या दुचाकी बहुतांशी लहान इंजिनांच्याच. तेव्हा सीसीचा आकडा हातात धरून भय किंवा अभय यांपैकी काहीच मोजता येत नाही, हे आम्हाला मान्य करावे लागले. मुलाला हे सांगितले तेव्हा तो जिंकल्यासारखा हसला नाही, याचे आम्हाला बरे वाटले.

मग मोजायचे काय? हे कळले ते भौतिकशास्त्र विभागातील एका तरुण सहकाऱ्यामुळे. त्याच्याकडे ही गाडी आहे. एका रविवारी सकाळी तो ती घेऊन महाविद्यालयामागच्या मैदानावर आला आणि त्याने आम्हाला रीतसर तास दिला. शक्ती किती यापेक्षा ती कशी येते हे पाहावे, असे त्याचे म्हणणे. निन्जाची पूर्ण शक्ती इंजिनाचे फेरे मिनिटाला ११ हजारांवर जातात तेव्हा मिळते. चार-पाच हजारांवर ती गाडी पुष्कळशी शांत असते. उलट एका सिलिंडरची केटीएम ड्यूक ३९० खालूनच ओढ घेते. म्हणजे नवशिक्याने चुकून थोडी रेस दिली तर पहिली गाडी ती चूक पोटात घालते आणि दुसरी ती जाहीर करते. (हे रूपक सहकाऱ्याचे नाही, आमचे आहे.) दोन्ही गाड्या चाकणलाच तयार होतात, ही माहितीही त्याने अभिमानाने दिली.

मग आमच्यापैकी एकजण गाडीवर बसला. कोण, हे सांगून घरातील शांतता भंग करण्याची इच्छा नाही. सीटची उंची जवळपास स्प्लेंडरएवढीच, पाय टेकत होते, त्यामुळे धीर आला. पन्नास पावलांवर गाडी वळवायची वेळ आली. स्पोर्ट गाडीचे हँडल फार वळत नाही. स्प्लेंडर गल्लीत जिथे एका दमात वळते तिथे हिला दोन वेळा मागेपुढे करावे लागते. हँडल पुरते वळलेले, वेग जवळजवळ शून्य, आणि अशा क्षणी आमच्या हाताने सवयीने पुढचा ब्रेक दाबला. १७९ किलो एका बाजूला झुकले की ते एकट्या माणसाला आवरत नाही. खाली मुरूम होता, पाय सरकला. गुडघा खरचटला, क्लचचा लिव्हर तुटला, फेअरिंगवर वीतभर ओरखडा आला. मुलगा धावत आला. त्याने आधी किल्ली बंद केली, मग माणसाला उठवले, आणि गाडीला पाठ लावून, पायांच्या जोरावर ती उभी केली. हे तो कुठे शिकला, ते आम्ही विचारले नाही.

तुटलेल्या लिव्हरचा जो तुकडा उरला होता तो दोन बोटांनी दाबता येत होता. सहकारी मनाने मोठा. तो म्हणाला, आता आलाच आहेस तर एक चक्कर मार. मुलाने हेल्मेट घातले आणि मैदानाला चार फेऱ्या मारल्या. सुंदर चालवली. आम्ही दोघेही एकमेकांकडे न बघता ते पाहत होतो. पाचव्या फेरीत कुंपणातून एक कुत्रे आडवे आले.

पुढे जे झाले ते दीड-दोन सेकंदांचे होते, पण ते आम्ही नंतर पुष्कळ वेळा मनात वाचले आहे. दचकलेला माणूस मूठ आवळतो. आवळताना मनगट खाली जाते, मनगट खाली गेले की रेस वाढते, गाडी पुढे झेपावते, शरीर मागे फेकले जाते, आणि मागे जाणारे शरीर हँडल धरून राहण्यासाठी मूठ आणखी ओढते. स्पोर्ट गाडीवर माणूस पुढे वाकलेला असतो, अंगाचा भार मनगटांवर असतो, त्यामुळे रस्त्याचा खड्डा आणि मनातली धास्ती दोन्ही थेट उजव्या हातात उतरतात. हीच चूक स्प्लेंडरवर झाली असती तर गाडीने एक हिसका दिला असता. येथे मुलगा कुत्र्याला चुकवून बरेच अंतर पुढे गेला होता, कुंपणापासून दोन-तीन हातांवर थांबला होता. त्याने हेल्मेट काढले. चेहऱ्यावर रंग नव्हता. कुत्रे मैदानाच्या मध्यावर बसून अंग खाजवत होते.

संध्याकाळी मुलगा सावरला आणि म्हणाला, "कुत्रं स्प्लेंडरसमोरही येतंच." अगदी बरोबर. पण आम्हाला त्या सकाळी जे दिसले ते असे: नवशिका चुकणारच, आणि त्याच्या चुकांतूनच हात घडतो, म्हणून पहिली गाडी अशी हवी, जी चूक झाल्यावर ती समजण्यापुरता वेळ देईल. वळणात दचकून रेस एकदम सोडली किंवा ब्रेक आवळला, तर कललेली गाडी सरळ होऊ पाहते आणि वळणाच्या बाहेर जाते. यवतेश्वरच्या घाटात बाहेर म्हणजे काय, हे सातारकरांना सांगायला नको. मुलाचा तोल पक्का आहे, वर्षभर स्कूटर चालवून वाहतुकीची नजर आली आहे. गियर, कल आणि वेग या तिन्हींत मात्र तो अजून पहिल्या इयत्तेत आहे, आणि पहिलीतच वजनाचा, पुढे वाकण्याचा आणि पाचपट शक्तीचा धडा एकदम नको.

याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती सेकंडहँड गाडी पाहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. त्याने हेरलेली गाडी २०१६ ची होती, म्हणून स्वस्त होती. आपल्याकडे निन्जा ३०० ला एबीएस आले २०१८ मध्ये. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले १ एप्रिल २०१९ पासून. म्हणजे ज्या हाताला पुढचा ब्रेक किती दाबावा हे अजून कळलेले नाही, त्याच्या हाती चाक जाम होऊ शकणारी गाडी येणार होती. हे त्याच्या लक्षात आले नव्हते, याने तो स्वतः सर्वांत अधिक अस्वस्थ झाला.

तडजोड अशी झाली: एबीएस असलेली १६० सीसीची, सरळ बसायची सेकंडहँड गाडी, चांगले हेल्मेट, हातमोजे आणि जाकीट त्याच ठेवीतून, आणि एक वर्षानंतर पुन्हा हाच विषय. नंतरची निन्जा आम्हाला मान्य आहे, हे आम्ही लिहून दिले आहे. आमच्यापैकी एकाला हा निर्णय अजूनही पटलेला नाही. एका वर्षात दोन गाड्यांची सवय करणे म्हणजे धोक्याचे दिवस दोनदा जगणे, एबीएस असलेली निन्जाच आधी द्यायला हवी होती, असे त्या एकाचे म्हणणे आहे, आणि दुसऱ्याकडे त्याला चोख उत्तर नाही. जेवताना हा विषय अधूनमधून निघतो. मुलगा आता त्यात भाग घेत नाही.

लिव्हर पुण्याहून मागवावा लागला. पैसे आम्ही दिले; फेअरिंगच्या ओरखड्याचे सहकाऱ्याने घेतले नाहीत. मुलाने त्याच्या घरी जाऊन लिव्हर स्वतः बसवला, तार ताणून बघितली, आणि चक्कर मारून पाहा असे सहकारी म्हणत असताना किल्ली त्याच्या हातात देऊन स्प्लेंडरवर घरी आला.