अजिंठा, उलट्या वाटेने

दिवाळीची सुट्टी लागली की फर्दापूरजवळच्या टी पॉइंटवर गाड्यांची रीघ लागते. खासगी वाहनं इथेच उभी करायची आणि लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जायचं, असा इथला नियम. गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत पोचू नये म्हणून तो केला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे पहिली रांग बसची, दुसरी तिकिटाची आणि पायऱ्या चढून वर गेलं की तिसरी पहिल्या लेण्याच्या दारात, काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगाशेजारी. तोवर पोरं कंटाळलेली असतात, आजी-आजोबांचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात. आणि ज्याच्यासाठी एवढी यातायात केली तो भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व समोर येतो न येतो, तोच मागून आवाज येतो, ‘चला, पुढे सरका!’

या गर्दीचं मूळ इथल्या वाटेतच आहे. वाघूर नदीने डोंगरात घोड्याच्या नालेच्या आकाराचं वळण घेतलं आहे आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात तीसएक लेणी ओळीने कोरलेली आहेत. बसथांब्याकडून चढणारी वाट नेमकी पहिल्या लेण्याशी येऊन मिळते. चित्रांसाठी सर्वांत नावाजलेली लेणी चार: १, २, १६ आणि १७. त्यांतली दोन अगदी तोंडाशी, दोन मध्यावर. साहजिकच सारा लोंढा एकाच टोकाकडून शिरतो, पहिल्या दोन लेण्यांत तुंबतो आणि सतराव्यापर्यंत पोचेतो दमून जातो. बरेच जण तिथूनच माघारी वळतात. त्यामुळे ऐन हंगामातही पलीकडचं टोक त्या मानाने मोकळं असतं.

खरं तर एकापासून सुरुवात करायचं काही कारण नाही. हे क्रमांक वाटेच्या सोयीने दिलेले आहेत, काळाच्या क्रमाने नव्हेत. इथली सर्वांत जुनी लेणी, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांत कोरलेले चैत्य, ९ आणि १० या क्रमांकांवर आहेत. पहिलं लेणं पाचव्या शतकातलं, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातलं. साऱ्या कामाच्या अखेरच्या पर्वातलं. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने अजिंठ्यावर हयात घालवली. या दुसऱ्या पर्वातलं जवळजवळ सगळं काम जेमतेम वीस वर्षांत झालं, असं त्यांचं मत होतं.

अजिंठा नीट पाहायचा असेल तर आदल्या रात्री फर्दापुरात मुक्काम करावा. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान तिथे आहेच. छत्रपती संभाजीनगर इथून सुमारे शंभर किलोमीटर. तिकडून सकाळचा नाश्ता उरकून निघालेल्या गाड्या पोचेपर्यंत साडेदहा-अकरा सहज वाजतात. लेणी उघडतात नऊला. मधला दीड-दोन तासांचा वेळ सोन्याचा. तेवढ्यात पहिलं आणि दुसरं लेणं सावकाश पाहून घ्यावं. खालून गलका ऐकू येऊ लागला की मधलं काही न बघता थेट सव्विसाव्याकडे चालू लागावं आणि तिथून उलटं परत यावं. सोळा आणि सतरा दुपारच्या जेवणाच्या वेळेला किंवा तीननंतर गाठावीत. सोमवारी अजिंठा बंद असतो. मंगळवारी वेरूळ बंद असतं, त्यामुळे त्या दिवशी तिकडच्यांची पावलं इकडे वळू शकतात. एकूण बुधवार-गुरुवार बरा. पावसाळा चालत असेल तर आणखी बरा: डोंगर हिरवागार होतो आणि लेण्यांच्या वरच्या अंगाला सातकुंडाचं पाणी कड्यावरून उड्या घेत खाली येतं.

उलट्या वाटेवर पहिलं भेटतं ते सव्विसावं लेणं. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने ते करवून घेतल्याचं तिथला शिलालेख सांगतो. आत डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणातला बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे. मूर्तीची लांबी सुमारे सात मीटर. खालच्या पट्ट्यात शोकाकुल शिष्य बसले आहेत. कुणी मान खाली घातली आहे, कुणी गालाला हात लावला आहे. गर्दीत वरची भव्य मूर्ती तेवढी दिसते. एकट्याने उभं राहिलं की ही खालची माणसं दिसू लागतात.

जवळच चोविसावं लेणं आहे, अपुरं राहिलेलं. भल्यामोठ्या विहाराची आखणी झाली होती, पण काम अर्ध्यावर थांबलं. आतल्या दगडावर छिन्नीचे घाव तसेच आहेत. आधी छत, मग खाली खाली उतरत जायचं, पुढून मागे खोदत न्यायचं, खांबांपुरता दगड राखून ठेवायचा, ही सारी रीत इथे उघडी दिसते. हे बघून मग पुऱ्या झालेल्या लेण्यात शिरलं की तिथला प्रत्येक खांब वेगळा वाटू लागतो.

पुढे दहाव्या लेण्यात एक जखम आहे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या रानात आला, त्याला ही लेणी दिसली आणि त्याने आपलं नाव आणि तारीख इथल्या एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरली. तेव्हा लेण्यात पुरुषभर राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. म्हणून ते नाव आज डोक्याच्या बरंच वर दिसतं.

माणसाचा नुसता श्वासही या चित्रांना सोसत नाही. दगडावर माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या पृष्ठभागावर रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. दीड हजार वर्षं हे टिकलं ते बंद, शांत अंधारात. शंभर माणसं एकदम आत शिरली की हवेतला दमटपणा आणि उष्मा चढतो, गिलावा फुगतो, सुटू लागतो. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावून सुटणारा गिलावा पक्का करून घेतला. पण त्यांनी वापरलेली लाखेची रोगणं पुढे पिवळी पडली आणि चित्रांवर त्यांचीच झाक चढली. म्हणूनच आज चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात, फ्लॅश वापरू देत नाहीत आणि दिवेही मंद ठेवतात. फ्रान्समधल्या लास्को गुहेत हे दुखणं इतकं वाढलं की १९६३ मध्ये ती लोकांसाठी कायमची बंद करावी लागली. अजिंठ्यावर ती वेळ येऊ नये. फर्दापूरजवळ जपानच्या साहाय्याने उभारलेल्या अभ्यागत केंद्रात नेमक्या १, २, १६ आणि १७ याच लेण्यांच्या प्रतिकृती केल्या गेल्या, त्यामागे हीच काळजी होती.

मंद उजेडाला डोळे सरावायला वेळ लागतो. उन्हातून आत आल्यावर आधी नुसता काळोख, मग भिंतीवर तांबूस डाग आणि पाचेक मिनिटांनी त्या डागांतून पद्मपाणीचा मुकुट, खांद्याची उतरण, बोटांत धरलेलं निळं कमळ आणि खाली झुकलेल्या पापण्या एकेक करून वर येतात. दुसऱ्या लेण्यातली हंसांची रांगही अशीच उलगडते. प्रत्येकाच्या मानेचं वळण निराळं. रांगेतल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिला काळोख आणि तांबूस डाग एवढंच येतं. तो ‘रंग उडालेत’ असं म्हणत बाहेर पडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो शाळांच्या सहलींवर. डिसेंबर-जानेवारीत एकाच दिवशी पन्नास-पन्नास मुलांच्या बसगाड्या येतात आणि मुलं एकमेकांच्या पाठी बघत चार लेणी उरकतात. शिक्षकांनी मनावर घेतलं तर हे बदलता येईल. सहल मधल्या वारी काढावी, मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात, एक पहिल्या लेण्याकडून निघावी आणि दुसरी सव्विसाव्याकडून. दुसऱ्या तुकडीला चोविसाव्यात अर्धवट खांबांपाशी बसवून डोंगर पोखरतात कसा ते आधी सांगावं. दुपारी दोन्ही तुकड्या एकत्र आल्या की डबे उघडावेत आणि मुलांना एकमेकांना काय काय दिसलं ते विचारू द्यावं.