जागा आणि अंगठा

गिटार वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात 'लिक' हा शब्द वारंवार येतो. दोन-चार मात्रांत संपणारी, बोटांत पक्की बसवलेली आणि प्रसंग येताच काढून वापरता येणारी स्वरांची छोटी ओळ म्हणजे लिक. या शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न नाट्यसंगीताच्या श्रोत्याला पडणार नाही. 'काय जागा घेतली!' अशी दाद तो कित्येक पिढ्या देत आला आहे. दोन्ही शब्द जवळजवळ एकाच गोष्टीबद्दल बोलतात. पण इंग्रजी शब्द त्या स्वरसमूहाला सुटा मानतो, तर मराठी शब्द तो गाण्यात कुठे येतो याकडे आपले लक्ष वेधतो. फिंगरस्टाइल पद्धतीने गिटार शिकताना या फरकाचा अर्थ मला गेल्या काही वर्षांत उमगत गेला. तेवढ्याचसाठी हे टिपण.

वसई आणि गिटार ही दोन नावे एकत्र उच्चारली की ऐकणारा थेट पोर्तुगिजांपर्यंत जाऊन पोचतो. तर्क देखणा आहे. तारखांना मात्र तो पटत नाही. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ साली. आणि शास्त्रीय गिटारला आजचा बांधा दिला तो स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने, एकोणिसाव्या शतकात. आमच्याकडची गिटार त्यामानाने अगदी अलीकडची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, लॅटिन मागे सरली आणि मराठी गीते आली. मला कळू लागले तेव्हा आमच्या चर्चच्या गायनवृंदात हार्मोनियमच्या शेजारी गिटार रुळलेली होती. उरलेले काम हिंदी चित्रपटगीतांनी केले.

आमचा चौघांचा एक गट होता. नाताळच्या आधीची गाणी, वाड्यातली लग्ने, पॅरिशचे कार्यक्रम असे सारे आम्ही वाजवले. एक जण मुख्य धून वाजवी, एक बास सांभाळी, एक गाई, आणि माझ्याकडे कॉर्ड्‌स. पुढे वसईत घरोघरी घडते तेच आमच्यातही घडले. एक आखातात गेला, एक कॅनडात स्थायिक झाला, तिसऱ्याने संसाराच्या रगाड्यात वाद्य माळ्यावर ठेवले. मी उरलो, आणि माझ्यासोबत उरल्या त्या कॉर्ड्‌स. संगत करणाऱ्याची ही एक विचित्र गोची असते. वीस वर्षे वाजवून शे-दोनशे गाणी त्याच्या हातात असतात. पण तो एकटा बसून वाजवू लागला, तर ऐकणाऱ्याला गाणे कोणते ते कळत नाही. ज्या गाण्यांत आपण आयुष्य घातले, त्यांतले एकही आपल्या एकट्याच्या हातून ओळखू येऊ नये, ही गोष्ट मला फार लागली. फिंगरस्टाइलकडे मी वळलो तो या कारणाने.

या पद्धतीत प्लेक्ट्रम नसतो. अंगठा खालच्या स्वरांच्या तीन जाड तारांवर बासची चाल धरतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका बारीक तारांवर धून काढतात आणि मधल्या फटींत कॉर्डचे स्वर पेरतात. म्हणजे आमच्या गटातल्या तिघांची कामे एकाच हाताने करायची. ऐकायला सोपे वाटणारे हे काम अडते ते अंगठ्यापाशी. सी कॉर्ड धरून अंगठ्याने पाचवी आणि चौथी तार आलटून पालटून छेडत राहावे. चार मिनिटांत कोणालाही जमते. त्यावर धूनेचा पहिला स्वर ठेवला, आणि तो दोन ठोक्यांच्या मधोमध पडणारा असला, की अंगठा त्या बोटाच्या मागे धावतो. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या बोटांना वेगळे वागायला शिकवायचे असते. उपाय एकच: मेट्रोनोम मिनिटाला पन्नास ठोक्यांवर आणून तेच ते करीत राहणे. चर्चगेटहून परतताना बसायला जागा (ही दुसऱ्या अर्थाची) मिळालीच, तर मांडीवरच्या पिशवीवर अंगठा आणि बोटे चालवत मी भाईंदरची खाडी ओलांडली आहे. अंगठ्याकडे लक्ष द्यावे लागेनासे झाले की मगच धूनेकडे लक्ष देता येते. तबल्याचा ठेका गायकाला जे स्वातंत्र्य देतो, ते येथे स्वतःच स्वतःला द्यायचे आहे.

अंगठ्याच्या या चालीला 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात. मर्ल ट्रॅव्हिस (१९१७-८३) हा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातील कोळसा-खाणींच्या मुलखात वाढला. पण चाल त्याची एकट्याची नव्हे. तो शिकला मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली या स्थानिक वादकांकडून. त्यांच्यामागे केनेडी जोन्स, आणि त्याच्याही मागे आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय वादक. घराण्याची वंशावळ सांगावी तशीच ही साखळी सांगितली जाते. पुढची कडी तर फारच बोलकी आहे. चेट ॲटकिन्सने ट्रॅव्हिसला प्रथम ऐकले ते रेडिओवर. ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनी यांवर सारे निभावत असे. हात दिसत नसल्याने ॲटकिन्सने धरून चालला की एवढे स्वर काढायला आणखी बोटे लागत असणार, आणि अंगठ्यासोबत दोन-तीन बोटे वापरणारी आपली शैली त्याने घडवली. कान एवढाच आधार असल्यामुळे नकलेतून नवे काही जन्मले.

आज शिकणाऱ्याला सारे दिसते. कोणतीही लिक पडद्यावर निम्म्या वेगाने पाहता येते, कोणत्या तारेवर कितवा पडदा दाबायचा हे टॅबमध्ये आकड्यांनी लिहिलेले असते. ही सोय मी आनंदाने वापरतो. वसईत बसून हे शिकण्याची दुसरी वाट मला नव्हती. परंतु आकडे हात कुठे ठेवायचा ते सांगतात. ती ओळ गाण्यात का आली, हे सांगत नाहीत. अशा पंचवीस-तीस लिक्स बोटांत बसल्यावर मी आमच्याकडच्या लग्नात बायका म्हणतात त्यांतले एक गाणे वाजवायला घेतले. चार-पाच स्वरांत फिरणारे, ओळीच्या शेवटी दम घेण्यापुरते थांबणारे. त्या थांब्यात मी एक झगझगीत उतरती ओळ घातली. बोटे अचूक पडली, आणि गाणे मात्र तिथल्या तिथे केंटकीला निघून गेले. बायकांच्या श्वासाची जी जागा होती, तिथे मी माझा सराव आणून ठेवला होता.

मग आठवली ती कॅनडातल्या मित्राची एक लकब. ओळ संपताना तो दुसऱ्या तारेवर एक स्वर छेडून बोट हलकेच ओढून घेई. खालचा स्वर आघाताविना उमटे. पुल-ऑफ म्हणतात ते हेच. दोनच स्वर, जेमतेम एक मुरकी. तेवढी घातली, बाकी जागा मोकळी सोडली, आणि अंगठा चालत राहिला. शेजारच्या मावशी पडवीत भाजी निवडत होत्या. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी शब्द धरले. गाणे कोणते, हे त्यांना विचारावे लागले नाही.

लिक्स घोकणे म्हणजे नक्कल, असे म्हणणारे शुद्धतावादी आणि शेकड्यांनी गोळा करणारे संग्राहक, या दोघांशीही माझे म्हणूनच जुळत नाही. घोकल्याशिवाय हात तयार होत नाही, आणि हात तयार झाल्याशिवाय जागा दिसली तरी घेता येत नाही. आपल्याकडचा जाणता श्रोता जागा ऐकली की 'ही अमुक बुवांची' असे सांगतो. त्यात उसनवारीचा आरोप नसतो, ओळख पटल्याचा आनंद असतो. माझ्या वाजवण्यातही आता असे पत्ते लावता येतात. बासची ती चढती चाल आखातातल्या मित्राची, शेवटची मुरकी कॅनडातल्याची, कडव्याआधीचा क्षणभराचा थांबा माळ्यावर गिटार ठेवणाऱ्याचा. कॉर्ड्‌स तेवढ्या माझ्या. एकट्याने वाजवता यावे म्हणून ही विद्या शिकायला घेतली, आणि वाजवताना एकटे असल्यासारखे मुळीच वाटत नाही.