हिरव्या किनाऱ्यावरचा शनिवार

कंपनीच्या कामासाठी तीन महिने फ्रान्सला जायचं ठरलं, तेव्हा बडोद्यातल्या सगळ्यांनी "पॅरिस ना?" असंच विचारलं. पॅरिस नाही, लानिओं! फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीतलं छोटंसं गाव. आमच्या क्षेत्रात मात्र या भागाला मान आहे. शेजारच्या प्लमर-बोदू केंद्रात १९६२ साली टेलस्टार उपग्रहामार्फत अमेरिकेहून टीव्हीचं चित्र आलं होतं.

पहिल्याच शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर जवळच्या साँ-मिशेल-आँ-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटीमुळे दूरवर नुसती वाळू, आणि कडेला हिरव्या शेवाळाचे ढीग. वरून वाळून पांढरी साय धरलेली, सडक्या अंड्यांचा वास. मी पाय टाकणार, तोच मैत्रिणीने मला मागे ओढलं. २००९ मध्ये इथेच एक घोडा या चिखलात रुतून मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. साय फुटली की आत कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड बाहेर येतो.

हे शेवाळ पोसतं ते शेतातून येणारं नायट्रेट. फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरं ब्रिटनीत आहेत, शिवाय गाई आणि कोंबड्या. त्यांच्यासाठी ब्राझीलहून सोयाबीन येतं. त्यातला बराचसा नायट्रोजन मलमूत्रातून इथल्याच जमिनीवर पडतो. जमिनीला आणि पिकाला झेपत नाही तो पावसाबरोबर ओढ्यात आणि पुढे समुद्रात जातो. रासायनिक खताची भर वेगळीच.

मैत्रिणीच्या मामांचं डुकरांचं फार्म आहे. पुढच्या रविवारी तिथे गेलो. गोठ्यामागे मोठी उघडी टाकी, त्यात तपकिरी रेंदा. मामा हसून म्हणाले, "माझी बिनपगारी माणसं इथे राबतात." म्हणजे जिवाणू! पंख्याने हवा दिली की एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. हवा बंद केली की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. हवेत ७८ टक्के तोच असल्यामुळे तो निरुपद्रवी. सगळा खेळ पंख्याच्या वेळापत्रकाचा. ते चुकलं, तर अर्ध्या वाटेवर नायट्रस ऑक्साइड निसटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा. पॅनेलवरचे आकडे मामा माझ्याइतक्याच काळजीने बघत होते.

पण फॉस्फरस जिवाणूंना नाहीसा करता येत नाही. म्हणून रेंद्यातला घन भाग आधीच वेगळा काढून, त्याचं कंपोस्ट करून धान्य पिकवणाऱ्या भागात पाठवतात. विजेचं बिलही येतंच. मामांनाच एक गोष्ट खटकत होती. कारखान्यात गॅस जाळून हवेतला नायट्रोजन खतात बांधायचा, आणि इथे वीज जाळून तो परत हवेत सोडायचा! "टाकी हवीच," ते म्हणाले, "पण जमिनीच्या मानाने जनावरंच जास्त झालीत." त्यांची नात अजूनही पोहायला दुसऱ्या, लांबच्या किनाऱ्यावर जाते.

रात्री आजीला फोनवर हे सांगितलं. तिचं बालपण शेणाने सारवलेल्या अंगणात गेलेलं. "शेण जास्त झालं? असं कसं होईल गं?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

आता आपल्याकडेही गोठे मोठे होत आहेत. आणंदकडे जाताना मी इतकी वर्षं फक्त दुधाचे टँकर पाहिले. पुढच्या वेळी गोठ्यामागे शेण कुठे जातं, तेही विचारणार आहे.