दुरून पाहणारे डोळे

पावसाळा आला कीं आम्हां कुरुंदवाडकरांचें अर्धें लक्ष कोल्हापुराकडे असतें. तेथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली म्हणजे इशारा, ४३ फुटांवर गेली म्हणजे धोका. आणि तेथें चढलेलें पाणी पुढें आमच्याच घाटाशीं कृष्णेस मिळावयाचें. दुरून पाहून सावध होण्याची रीत आम्हांस अशी परिचयाची आहे. तिचेंच एक नवें रूप गेलीं कांहीं वर्षें आमच्या घरांत नांदत आहे.

आमचें कुटुंब एकत्र. धाकट्या बंधूंची वकिली, मुलांचे अभ्यास, सुनेची घरीं बसून चालणारी नोकरी व माझें किरकोळ लिखाण मिळून घरांत चार संगणक आहेत. पुतण्या पुण्यास असतो. निरनिराळ्या दवाखान्यांचे व कचेऱ्यांचे संगणक एका खोलींत बसून सांभाळावयाचे हाच त्याचा व्यवसाय. प्रत्येक यंत्रांत 'एजंट' नांवाचा एक लहानसा प्रोग्राम बसवितात. डिस्कवर जागा किती उरली, यंत्र फार तापतें कां, नव्या दुरुस्त्या चढल्या कां, याची वर्दी हा एजंट घटकेघटकेस इंटरनेटवरून पुण्यास देतो. बिघाड दिसला कीं पुतण्या तेथूनच आमचा पडदा आपल्यापुढें उघडतो, आणि इकडे पडद्यावरील बाण आमच्या देखत आपोआप हिंडूं लागतो. आमच्या वृद्ध काकूंनीं तो प्रथम पाहिला तेव्हां, "हें कोण चालवतंय रे?" असें विचारिलें, आणि उत्तर ऐकतांच पदर सारखा केला. आम्ही सारे हंसलों. काकू हंसल्या नाहींत.

ही सोय कोणास चैनीची वाटेल तर त्यानें आपल्याच जिल्ह्यांतील वारणेचा प्रयोग आठवावा. १९९८ सालीं वारणा परिसरांतील ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना निघाली. उंसाच्या नोंदी यंत्रांवर होऊं लागल्या. पण खेड्यांतून तीं यंत्रें चालतीं ठेवणें जड गेलें, आणि पुढें कांहीं गांवांत त्यांच्या जागीं मोबाईलच्या संदेशांवर काम चालविण्याचा प्रयोग झाला. यंत्र आणणें सोपें, त्याची निगा राखणें कठीण.

तथापि हा पहारा पाहतो तो यंत्रांस, माणसांस नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आमचे संगणक आम्ही वेळींच माडीवर नेले होते. वीज गेली, फोन लागेनात, आणि तिकडे पुण्यास आमच्या यंत्रांपुढील हिरव्या खुणा एकामागून एक विझल्या. शेवटची वर्दी पहाटेची होती. पुतण्या दोन दिवस त्या विझलेल्या खुणांकडे पाहत बसला होता. आम्ही माडीवर पिठलें-भात खाऊन सुखरूप होतों, हें त्यास कळण्यास कांहींच मार्ग नव्हता.

शिवाय ज्या किल्लीनें रक्षक शिरतो तिनेंच चोरहि शिरतो. २ जुलै २०२१ रोजीं 'कसेया' नामक कंपनीच्या याच जातीच्या सॉफ्टवेअरमधील छिद्रांतून खंडणीखोरांनीं प्रवेश केला. एका व्यवस्थापकाचें दार फुटलें कीं त्याच्या साऱ्या गिऱ्हाइकांचीं दारें उघडीं! कंपनीच्याच अंदाजाप्रमाणें ८०० ते १५०० व्यवसायांस झळ लागली. स्वीडनमधील 'कूप' मंडळीस शेंकडों दुकानें बंद ठेवावीं लागलीं. आपल्याकडील भामट्यांस तर एवढीहि विद्या लागत नाहीं. ते फोनवर गोड बोलून 'एनीडेस्क' सारखें साधें, कायदेशीर साधन आपल्याच हातून बसवून घेतात. रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालींच बँकांस याविषयीं सावध केलें होतें. घरांतील वडील माणसांस हें अवश्य सांगून ठेवावें.

पण आमच्या घरीं हा विषय ऐरणीवर आला तो निराळ्याच कारणानें. सुनेच्या लॅपटॉपवर तिच्या कंपनीचा असाच पहारा आहे. कळफलक कांहीं मिनिटें स्वस्थ राहिला कीं नोंद होते. मधूनमधून पडद्याचें चित्रहि टिपलें जातें. गतवर्षीं श्रावणांत काकू घेरी येऊन न्हाणीघरांत पडल्या. सून हातचें काम टाकून धांवली. डॉक्टर येऊन जाईपर्यंत पाऊण तास गेला. दुसऱ्या दिवशीं त्या पाऊण तासाचा लेखी खुलासा तिच्याकडे मागण्यांत आला. तिनें तो दिला. रात्रीं पानावर बसल्यावर मात्र, नेमका पुण्याहून आलेल्या पुतण्यास तिनें विचारिलें, "भाऊजी, तुम्हांलाहि आमचं असंच सगळं दिसतं का?"

"दिसूं शकतं, वहिनी," तो म्हणाला. "मी पाहत नाहीं."

"तुमच्यावर विश्वास आहे हो. पण उद्यां तुमच्या खुर्चींत दुसरं कोणी बसलं तर?"

त्यावर तो निरुत्तर झाला. मला सुनेचें म्हणणें सर्वस्वी रास्त वाटलें. नदीची उंची मोजली म्हणून नदीस संकोच होत नाहीं. माणसास होतो, आणि तो होणें हा कांहीं अपराध नव्हे. बंधूंच्या यंत्रावर तर पक्षकारांचीं गुपितें असतात. तीं दाखविण्याचा अधिकार बंधूंनाहि नाहीं.

हात धुण्यापूर्वींच व्यवस्था ठरली. यंत्राच्या प्रकृतीची वर्दी पूर्ववत् जावी. पडदा उघडण्यापूर्वीं मात्र समोर बसलेल्यानें संमतीचें बटण दाबलेंच पाहिजे. कोण केव्हां आंत आलें याची नोंद आम्हांसहि दिसावी, आणि बंधूंच्या यंत्राचा पडदा दुरून मुळींच उघडूं नये. पुतण्यानें त्याच रात्रीं तसे बदल केले. आतां संमतीची चौकट आली कीं मुलें आधीं काकूंना हांक मारितात.

सुनेनेंहि आपल्या कंपनीस अर्ज केला आहे, कीं कामाच्या वेळेबाहेर हा पहारा बंद असावा व अडीअडचणीस उठल्याची नोंद स्वतः करण्याची मुभा असावी. मसुदा बंधूंनीं पाहून दिला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.